नव्या स्पर्धा-संयोजकास पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतची कामांची यादी, दोन्ही सावकाश वाचली. आयसीपीसी या महाविद्यालयीन संघांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीचे यजमानपद तुमच्या महाविद्यालयाकडे आले आणि संयोजनाचा मुख्य भार तुझ्यावर सोपवला गेला, याचा आनंद वाटला. यादीत सभागृह आहे, फलक, टी-शर्ट, प्रमाणपत्रे आहेत, उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणण्याच्या वेळासुद्धा आहेत. प्रश्नसंचासाठी मात्र शेवटून दुसऱ्या जागी एकच ओळ आहे : 'प्रश्न – परीक्षक मंडळ पाहील'. पाहुण्यांची गाडी उशिरा आली तर फार तर भाषण लांबेल. त्या एका ओळीत जे बिघडेल, ते मात्र सभागृहातल्या प्रत्येक संघाला भोगावे लागेल. म्हणून हे पत्र बहुतांशी त्या ओळीविषयीच आहे.

स्पर्धक म्हणून नियम तुला पाठ आहेत, परंतु संयोजकाच्या खुर्चीतून ते निराळे दिसतात. १९७० मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जिची सुरुवात झाली आणि १९७७ मध्ये जिची पहिली अंतिम फेरी भरली, त्या आयसीपीसीचा आजचा साचा साधा आहे : तिघांचा संघ, एक संगणक आणि पाच तास. उत्तर म्हणजे संघाने लिहिलेला प्रोग्रॅम; तो परीक्षकांच्या टेस्ट फाइलींवर चालवून मान्य होतो किंवा नाकारला जातो. अधिक प्रश्न सोडवणारा संघ वर राहतो, आणि संख्या सारखी असेल तर दंडाची मिनिटे मोजतात : उत्तर मान्य होईपर्यंतची मिनिटे, अधिक आधीच्या प्रत्येक नाकारलेल्या प्रयत्नाची २०. ९५व्या मिनिटाला उत्तर मान्य झाले आणि त्यापूर्वी दोन प्रयत्न नाकारले गेले असतील, तर त्या प्रश्नापोटी ९५ अधिक ४०, म्हणजे १३५ मिनिटे संघाच्या खाती पडतात. न सुटलेल्या प्रश्नावरच्या चुकांना दंड नसतो. या हिशेबात न दिसणारी गोष्ट म्हणजे तो एकुलता एक कीबोर्ड. तिघांपैकी एक जण चुकीच्या उत्तराचे कारण शोधत त्याच्यापुढे बसला, की उरलेल्या दोघांच्या डोक्यात तयार असलेली उत्तरे कागदावरच थांबतात.

हे मला एका फेरीत परीक्षक असताना नीट समजले. एक प्रश्न जाळ्यातली अशी जोडणी शोधण्याचा होता की जी तुटली असता जाळे दुभंगते. कोणत्याही दोन बिंदूंमध्ये एकाहून अधिक जोडण्या नसतील, असे प्रश्नात स्पष्ट लिहिले होते, आणि त्यामुळे ज्या बिंदूकडून आलो त्याकडे परत न वळण्याची सोपी युक्ती वापरणारे उत्तर पूर्णपणे बरोबर होते. आदल्या रात्री आमच्यातल्या एकाने 'आणखी एक अवघड टेस्ट केस' म्हणून हाताने एक फाइल लिहिली आणि तिच्यात एक जोडणी दोनदा पडली. परीक्षकांचे नमुना उत्तर जोडणीचा क्रमांक लक्षात ठेवून चालत असल्याने ते या दुहेरी जोडणीवरही निमूट उत्तर देत राहिले; दुसरे उत्तर पहिल्यावरूनच बेतलेले होते, त्यामुळे दोन्हींचे एकमत झाले आणि आम्ही निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी एका संघाने ७१व्या मिनिटाला योग्य उत्तर पाठवले आणि ते नाकारले गेले. त्यांनी आणखी दोनदा पाठवले, तेही नाकारले गेले. चूक आमच्या लक्षात आली तोवर २००वे मिनिट उजाडले होते. फाइल काढून टाकून आम्ही सगळी उत्तरे पुन्हा तपासली. त्यांचे ७१व्या मिनिटाचे उत्तर मान्य झाले आणि गुणफलकावरून दंडाचे नामोनिशाण गेले. कागदोपत्री अन्याय दूर झाला होता. त्या संघाने बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात घालवलेले दोन तास मात्र कोणत्याच रकान्यात भरून देता आले नाहीत, आणि पुढच्या फेरीत जाण्यासाठी त्यांना एकच प्रश्न कमी पडला.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की प्रत्येक प्रश्नाला एक व्हॅलिडेटर असावा, म्हणजे टेस्ट फाइल प्रश्नात दिलेल्या मर्यादा अक्षरशः पाळते की नाही हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम, आणि त्यातून गेल्याशिवाय एकही फाइल संचात येऊ नये, मग ती कितीही अनुभवी माणसाने आणि कितीही उशिरा रात्री लिहिलेली असो. तो शेवटच्या ओळीनंतरचा न्यूलाइनसुद्धा तपासणारा, काटेकोर असू दे. विंडोजवर केलेली फाइल लिनक्सवर नेल्यावर ओळीच्या टोकाला राहणारे एक अदृश्य अक्षरदेखील एखाद्या निर्दोष प्रोग्रॅमला अडखळवू शकते. दुसरे असे, की प्रत्येक प्रश्नाची किमान दोन उत्तरे एकमेकांची न पाहता, शक्यतो वेगवेगळ्या भाषांत लिहिली जावीत. आणि तिसरे, ज्याकडे नवे परीक्षक हटकून दुर्लक्ष करतात, ते म्हणजे मुद्दाम लिहिलेली चुकीची उत्तरे : संथ गतीचे एक, ३२ बिटांच्या पूर्णांकात बेरीज साठवणारे एक, दिसेल तो सोपा पर्याय उचलणारे एक. एक लाख संख्या आणि प्रत्येकीची मर्यादा १०० कोटी असेल, तर बेरीज ३२ बिटांत मावणाऱ्या २,१४,७४,८३,६४७ च्या कितीतरी पलीकडे जाते; तशी टेस्ट संचात नसेल, तर चुकीचा प्रोग्रॅम मान्य होईल आणि जपून लिहिणाऱ्या संघाला त्या जपण्याचे काहीच फळ मिळणार नाही.

वेळमर्यादा ठरवताना प्रश्नकर्त्याच्या लॅपटॉपवर विसंबू नकोस. ज्या यंत्रांवर तपासणी होणार आहे, त्यांच्यावरच सगळी उत्तरे चालवून पाहा. परीक्षकांच्या सर्वांत संथ योग्य उत्तराला लागलेल्या वेळेच्या दुप्पट ते तिप्पट मर्यादा ठेवण्याची रीत मला आजवर उपयोगी पडली आहे. परंतु खरा उपाय आकडे निवडण्यात असतो. ज्याला दिलेल्या संख्यांच्या संख्येच्या वर्गाच्या, म्हणजे तिला तिनेच गुणून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात वेळ लागतो ते उत्तर तुला नाकारायचे असेल आणि तू मर्यादा २० हजार ठेवलीस, तर ४० कोटी साध्या क्रिया सी++ मध्ये सहज निभावून जातील, आणि तेच उत्तर पायथनसारख्या संथ भाषेत लिहिणारा संघ अडकेल. मर्यादा २ लाख केलीस, तर क्रिया ४,००० कोटींवर जातात आणि वादाला जागाच राहत नाही.

प्रश्नांच्या निवडीसाठी जुन्या परीक्षकांनी एक कसोटी सांगून ठेवली आहे : प्रत्येक संघाला निदान एक प्रश्न सुटावा, प्रत्येक प्रश्न निदान एका संघाला सुटावा, आणि कोणालाही सगळेच्या सगळे सुटू नयेत. यातली पहिली अट सर्वांत कठीण आहे, कारण प्रश्नकर्त्यांना सोपा प्रश्न काढण्याची लाज वाटते. तुझ्या मंडळात असे कोणी असेल तर त्याला सौम्यपणे पण ठामपणे सांग, की लांबून प्रवास करून आलेले तिघे जण पाच तास शून्यावर बसून परत जाणार असतील, तर त्याच्या कल्पकतेचे कौतुक करायला कोणी उरणार नाही. कोणता प्रश्न सोपा, हे प्रश्नकर्त्याने ठरवू नये. ज्यांनी संच कधी पाहिलेला नाही अशा दोन-तीन माजी स्पर्धकांना, गुप्ततेची खात्री करून घेऊन, सलग पाच तास बसव आणि त्यांनी कोणते वाक्य दोनदा वाचले हेसुद्धा टिपून ठेव.

यंत्रणेबद्दल थोडक्यात. उत्तरे तपासण्यासाठी डोमजज किंवा पीसी स्क्वेअर यांपैकी कोणतीही प्रणाली वापरलीस तरी चालेल, पण तपासणीची सर्व यंत्रे एकाच बनावटीची असू देत आणि किती यंत्रे लागतील याचा हिशेब सरासरीवर करू नकोस. समज, शेवटच्या मिनिटाला ४० उत्तरे आली, प्रत्येकासाठी ५० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्टला दोन सेकंदांची मुभा आहे. वाईटात वाईट स्थितीत एका उत्तराला १०० सेकंद लागतील आणि चार यंत्रांवर सगळा गठ्ठा उपसायला १,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे. पहिल्याच चुकीच्या टेस्टवर तपासणी थांबत असेल तर प्रत्यक्षात वेळ बराच कमी लागतो, तरीही तयारी या आकड्याची ठेवावी. सर्व्हरला यूपीएस हवा, आणि स्पर्धकांसाठी काही जादा संगणक आधीच चालू करून, लॉगिनच्या पडद्यापर्यंत आणून ठेवलेले हवेत. आदल्या दिवशीचे सराव सत्र कृपया औपचारिकता म्हणून उरकू नकोस. त्यात मुद्दाम एक अनंत चालणारा प्रोग्रॅम पाठव, भरमसाट मेमरी मागणारा एक पाठव, एका संघाची केबल काढून पाहा, आणि सगळ्यांना एकाच मिनिटाला प्रिंटआउट मागायला सांग. प्रिंटरच सर्वांत आधी मान टाकतो, हा माझा अनुभव आहे.

स्पर्धा चालू असताना येणाऱ्या शंकांसाठी दोन माणसे केवळ त्याच कामाला बसव. प्रश्नात खरोखरच संदिग्धता असेल, तर उत्तर विचारणाऱ्या संघालाच न देता त्याच क्षणी सर्वांना जाहीर करावे. उत्तर प्रश्नातच लिहिलेले असेल, तर 'प्रश्न पुन्हा वाचावा' यापलीकडे एक शब्दही बोलू नये, कारण दयाळूपणे दिलेला एखादा जादा शब्दही सूचना ठरतो. हॉलमधल्या स्वयंसेवकांनी प्रश्नांविषयी तोंड उघडूच नये. त्यांच्यातले बरेच जण स्वतः हुशार प्रोग्रॅमर असतात आणि त्यांना मोह आवरत नाही.

एवढी काळजी घेऊनही चूक निघाली, तर काय करायचे हे स्पर्धेपूर्वीच लिहून ठेवावे लागते, कारण त्या क्षणी परीक्षकांच्या खोलीत सगळे एकदम बोलू लागतात. मी असे लिहिले असते : अंतिम निर्णय मुख्य परीक्षक एकटे घेतील, टेस्ट सदोष ठरली तर ती काढून सर्व उत्तरे पुन्हा तपासली जातील, आणि ही गोष्ट पाच मिनिटांच्या आत सर्व संघांना कळवली जाईल. कळवण्याच्या मुद्द्यावर तुला विरोध होईल. 'गुपचूप दुरुस्त करू, गोंधळ कशाला,' असे कोणीतरी वडीलधारे माणूस नक्की म्हणेल. परंतु आम्ही त्या दिवशी नेमके तेच केले होते; दुरुस्तीनंतरही पंचवीस मिनिटे जाहीर घोषणा केली नाही, आणि गुणफलकाकडे न पाहता कोडमध्ये मान घालून बसलेला तो संघ तेवढा वेळ आणखी सुटलेला प्रश्नच सोडवत राहिला. संपूर्ण यंत्रणाच बंद पडली तर वाया गेलेली मिनिटे वाढवून देता येतात; एखाद्या प्रश्नातल्या चुकीवर मात्र सरसकट वेळ वाढवणे हा उपाय नव्हे, कारण ज्यांनी तो प्रश्न उघडलाही नाही त्यांनाही ती मिनिटे मिळतात.

प्रश्न सुटला की संघाला त्या प्रश्नाच्या रंगाचा फुगा मिळतो; या फुग्यांचे रंग लांबून वेगळे ओळखू येतील असे निवड. लाल-हिरवा भेद न दिसणारे स्पर्धक आणि स्वयंसेवक असतात, म्हणून देठाला प्रश्नाचे अक्षर लावलेले बरे. शेवटच्या तासात गुणफलक गोठतो तेव्हा संघांना स्वतःचे निकाल दिसत राहतात, इतरांचे दिसत नाहीत. त्या तासात फुगे वाटायचे की नाही, हे आधी ठरवून सर्वांना सांग. फलक, टी-शर्ट आणि पाहुणे हे सगळे सहकाऱ्यांना वाटून दे, ते तुझ्याहून चांगले करतील.

पुढच्या पत्रात मला फक्त एवढे कळव, की संच न पाहता पाच तास बसून तो सोडवणारी ती दोन-तीन माणसे कोण, आणि ती कोणत्या तारखेला बसणार आहेत. ती तारीख स्पर्धेच्या निदान तीन आठवडे आधीची असावी, म्हणजे निकामी ठरलेला प्रश्न बदलून नवा तपासायला वेळ राहील.

तुझा,
एक जुना परीक्षक