आणखी किती कडेला जाऊ?

वाचकांचे प्रश्न : सोलापूर शहरातला रस्ता, सायकल आणि गाडी

प्रश्न : अशोक चौकातून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत रोज सायकलनं कामाला जातो. अगदी कडेनं चालवतो, तरी गाड्या हँडलला घासून जातात. आणखी किती कडेला जायचं?
– एक यंत्रमाग कामगार

उत्तर : कडेला नको, उलट थोडं आत या. तुम्ही डांबराच्या टोकाला चिकटलात की मागच्याला वाटतं, आहे त्याच पट्ट्यातून आपण निघून जाऊ. मग तो स्टिअरिंग न वळवताच कट मारतो. त्यातून कडेला माती, खडी, बुडालेली चेंबरची झाकणं आणि तुटकी साइडपट्टी असते. खड्डा चुकवायला डावीकडे जागाच नसल्यामुळे तुम्ही ऐनवेळी उजवीकडे झुकता, आणि टक्कर तिथेच होते.

डांबराच्या कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या रिक्षा-मोटारींच्या रांगेजवळून जाताना दारापासून पुरता एक मीटर सोडा. मोटारीचं दार उघडलं की साधारण तेवढंच बाहेर येतं. ताशी २० किलोमीटरनं जाणारी सायकल दीड सेकंदात आठ मीटर पुढे जाते. म्हणजे दार दिसून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंत दोन मोटारींची लांबी संपलेली असते. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. तुमच्या दृष्टीनं ते मागच्याला वाट करून देणं असतं, पण त्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे दिसता.

जिथे रस्ता खरोखर अरुंद आहे, एका वेळी एकच वाहन जाईल इतका, तिथे पट्ट्याच्या मधोमध चाला आणि जागा मिळताच पुन्हा डावीकडे या. मागून हॉर्न वाजेल, तो वाजू द्या. हॉर्न वाजवणाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलं असतं. काळजी करायची ती न पाहणाऱ्याची.

प्रश्न : मी मोटार चालवते. सायकलवाले मध्येच वळतात, हात दाखवत नाहीत. ओव्हरटेक करताना नेमकं किती अंतर ठेवायचं?
– विजापूर रस्ता

उत्तर : सायकलच्या हँडलपासून तुमच्या आरशापर्यंत दीड मीटर. हा आकडा का, ते पाहा. सायकल चालती ठेवायची तर ती डावी-उजवीकडे थोडी डुलतेच. हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटर डुलणं, म्हणजे सायकलला एक मीटर रुंदी नुसती चालायलाच लागते. चढावर, वाऱ्यात किंवा मागे कॅरिअरवर चादरींचा गठ्ठा असेल तर आणखी जास्त. विजापूर रस्त्यावर ट्रक आणि बस यांची ये-जा असते. मोठं वाहन जवळून गेलं की वाऱ्याच्या झोतानं सायकल आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते.

आता बेरीज करा. सायकलस्वार कडेपासून पाऊण मीटरवर, त्याच्या हँडलचा अर्धा भाग ३० सेंटिमीटर, त्यापुढे दीड मीटर मोकळं, आणि तुमची मोटार सुमारे १.७ मीटर. एकूण सव्वाचार मीटर होतात. एक लेन साधारण साडेतीन मीटरची असते. म्हणजे शेजारच्या लेनमध्ये चाक टाकल्याशिवाय सुरक्षित ओव्हरटेक होतच नाही. समोरून गाडी येत असेल तर थांबा. त्यात पाच-दहा सेकंद जातात, पुढच्या सिग्नलला तुम्ही दोघं पुन्हा शेजारीच उभे असता.

हात न दाखवण्याची तुमची तक्रार खरी आहे. पण सायकलस्वार मान वळवून उजवीकडे मागे पाहू लागला, की तोच इशारा समजा. पेडल मारणं थांबलं किंवा नजर रस्त्यावरच्या खड्ड्याकडे गेली, तरी तो वळणार हे ओळखा.

एक चूक मात्र मोटारचालकांचीच, आणि ती सर्रास होते : सायकलला मागे टाकायचं आणि लगेच तिच्यासमोर डावीकडे वळायचं. डावीकडे वळायचं असेल आणि वळण ३० मीटरच्या आत असेल तर सायकलच्या मागेच राहा. आधी डावा आरसा, मग डाव्या खांद्यावरून एक नजर, मग वळण. गाडीतून उतरताना दार डाव्या हातानं उघडा. डावा हात उजव्या दारापर्यंत नेताना अंग वळतं आणि मागचं आपोआप दिसतं. डाव्या बाजूला बसलेल्यानं हेच उजव्या हातानं करायचं, कारण आपल्याकडे दुचाक्या डावीकडूनही येतात.

प्रश्न : सात रस्ता चौकात सायकलनं उजवीकडे वळायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो.

उत्तर : मग वळूच नका. सरळ ओलांडा, पलीकडे डाव्या कोपऱ्यात थांबा, सायकलचं तोंड वळवा आणि त्या दिशेच्या वाहतुकीबरोबर निघा. गर्दीच्या वेळी उतरून, सायकल हातात धरून ओलांडण्यात कसलाही कमीपणा नाही. थेट वळायचंच असेल तर वळणाच्या ३० मीटर आधी मागे पाहा, उजवा हात सरळ बाजूला काढा, पुन्हा मागे पाहा आणि मगच मध्ये या. हात दाखवला म्हणजे वाट मिळाली असं नाही. ब्रेक मारण्याआधी हात पुन्हा हँडलवर आलेला हवा.

प्रश्न : दुभाजकामुळे मोठा वळसा पडतो. दोनशे मीटर राँग साइडनं गेलं तर काय बिघडतं?

उत्तर : तुमची ताशी १५ आणि समोरच्याची ४०. मागून येणारा तुमच्याजवळ २५ च्या वेगानं येतो, समोरून येणारा ५५ च्या. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा फक्त उजवीकडे पाहतो, तुम्ही त्याच्या डावीकडून येता. उतरून चालत जा.

प्रश्न : वडील दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलवरून घरी येतात. सायकलला काय काय लावावं?
– साखर पेठ

उत्तर : आधी गणित, म्हणजे खर्च कशासाठी ते कळेल. ताशी ४० नं येणाऱ्या मोटारीला थांबायला कोरड्या रस्त्यावर साधारण २५ मीटर लागतात, ६० ला ४५ मीटर. डिपरवर, म्हणजे दिव्याच्या खालच्या झोतात, गडद कपड्यांतला माणूस २५-३० मीटरवरच दिसतो. रिफ्लेक्टर मात्र शंभर मीटरच्या पुढूनही चमकतो.

मागे लाल दिवा, सीटखाली, कॅरिअरवरच्या पिशवीनं झाकला जाणार नाही असा. पुढे पांढरा दिवा, थोडा खाली झुकवलेला. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर टेप, पुढच्या बाजूला पांढरी. टेप लावण्याआधी पत्रा साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. तेलकट पत्र्यावर ती आठवडाभरात सुटते. सगळ्यात उपयोगी ते पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर. ते वर-खाली हलतात, त्यामुळे लांबूनच कळतं की ही सायकल आहे, खांब नाही. पेडल जुने असतील तर घोट्याला रिफ्लेक्टर पट्टी बांधा.

ब्रेकचं रबर आणि रिम यांत दोन ते तीन मिलिमीटर फट हवी. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर रॉडचे नट आवळून घ्या. रबरावरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर जोडी बदला, एकच बदलू नका. साखळीला तेल घालताना थेंब रिमवर गेला तर ब्रेक लागत नाही, म्हणून रिम कोरड्या फडक्यानं पुसा. पावसात ओल्या रिमवर पहिले काही फेरे ब्रेक नुसता पाणी पुसतो. चौकाच्या बऱ्याच आधी हलकेच दाबायला लागा.

प्रश्न : गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांपासून कसं सांभाळायचं?
– बाळे

उत्तर : जोडीच्या दोन ट्रॉल्या असतील तर वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाही, आतल्या बाजूला कापते. म्हणून वळणावर ट्रॅक्टर आणि कड यांच्या मध्ये कधीही सापडू नका, मागेच थांबा. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी उसाची टोकं बाहेर आलेली असतात, ती चेहऱ्याच्या उंचीला येतात. ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर दणाणत असतो, तेव्हा हॉर्न आणि घंटी दोन्ही वाया. मोटारचालकांनी डिपर-अप्पर करून खूण द्यावी.

रात्री खरा धोका उभ्या ट्रॉलीचा. पंक्चर झालेली ट्रॉली चाकांखाली दगडांची उटी लावून रस्त्यातच सोडलेली असते, मागचे दिवे पाचटानं झाकलेले. ट्रॉली गेली तरी दगड तिथेच राहतात. हायवेच्या टोकाकडे अंधार पडल्यावर सायकल शक्यतो नेऊच नका. दिवसा रस्त्यावर पडलेला ऊस आडवा असेल तर चाक सरळ ठेवून, ब्रेक न दाबता ओलांडा. तिरकं चाक घातलं तर ऊस गोल फिरतो आणि सायकल खालून निसटते.

प्रश्न : सायकलला धडक देऊन गाडी पळून गेली तर?

उत्तर : आधी १०८, मग ११२. बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल तर ओढून उठवू नका. मागून येणारी वाहतूक अडवा. मदत करणाऱ्याला भीतीचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं आणि नाव सांगण्याची सक्ती होऊ शकत नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांचे उपचार विनाशुल्क आहेत. गाडी सापडलीच नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी पोलिसांत नोंद हवीच. अर्जाची चौकशी तहसील किंवा प्रांत कार्यालयात करा.

प्रश्न : घंटी वाजवून कुणी बाजूला होत नाही. मोठा हॉर्न बसवू का?
– नवी पेठ

उत्तर : घंटी पायी चालणाऱ्यासाठी असते. काचा बंद करून बसलेल्या मोटारवाल्याला ती ऐकू येत नाही, तिथे ब्रेकच कामाला येतो. हॉर्नचे पैसे ब्रेकच्या रबराला घाला. घंटी मात्र अंगठ्याच्या टप्प्यात बसवा, म्हणजे वाजवताना ब्रेकवरची बोटं सुटणार नाहीत.