ड्रॉइंगवर १.२३७९ लिहिलंय, बाजारात काय मागायचं?

जर्मन ड्रॉइंगवरचं १.२३७९ हा टूल स्टीलचा, म्हणजे डाय आणि हत्यारं बनवायच्या पोलादाचा नंबर. तेच अमेरिकन डी२, जपानी एसकेडी११. दुकानात 'डी२' असंच मागा. नुसतं 'एचसीएचसीआर' (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणालात तर डी३ गळ्यात पडू शकतं, कारण आपल्याकडे दोघांनाही हेच नाव चालतं. डी३ म्हणजे १.२०८०, जपानी एसकेडी१.

नुसतं बघून दोन्ही ओळखू येत नाहीत. क्रोमियम दोन्हींत साधारण १२ टक्के. पण डी२मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, शिवाय मॉलिब्डेनम. त्यामुळे ते भट्टीतून काढलं की हवेतच कडक होतं. डी३मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या वर, आणि ते कडक करायला सहसा तेलात बुडवावं लागतं. पातळ, भोकाभोकांचा डाय (पत्रा कापायचा किंवा घडवायचा साचा) तेलात वाकला किंवा कोपऱ्यात तडकला की सगळी मेहनत भंगारात. म्हणून टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन आणि मॉलिब्डेनमचे आकडे बघितल्याशिवाय बार कापू नका, ही कळकळीची विनंती.

बाकीच्या टूल स्टीलचे नंबर सोपे: एच१३ म्हणजे १.२३४४, एसकेडी६१. एम२ म्हणजे १.३३४३, एसकेएच५१. ओएचएनएस (तेलात कडक होणारं, न आकसणारं स्टील) म्हणजे ओ१, १.२५१०, त्याच्या जागी एसकेएस३ मिळालं तर ते जवळचं आहे, तंतोतंत तेच नाही.