गेमिंगसाठी वेगळं साउंड कार्ड घ्यावं का?

नका घेऊ, ते पैसे चांगल्या हेडफोनमध्ये घाला, फरक लगेच कानाला कळेल. इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये पीसी जोडून देण्याचंच काम करतो, आणि हा प्रश्न सारखा येतो. साउंड कार्डाचा दबदबा होता तो विंडोज एक्सपीच्या काळात: तेव्हा गेममधल्या आवाजाचा हिशेब कार्ड स्वतः करायचं आणि प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडची (गेमचा आवाज कार्डापर्यंत नेणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ती हार्डवेअरची वाटच बंद केली. आता पावलं कुठून वाजली हे गेमचं इंजिन प्रोसेसरवरच ठरवतं, त्यामुळे कार्ड लावून एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढेल ही आशा सोडा. शिवाय हेडसेट यूएसबी असेल तर त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं. कॅबिनेटमधलं नुसतं धूळ खात बसेल.

अपवाद एवढाच:
- ३.५ मिमी जॅकमधून सूं-सूं येतं, माउस हलवला की किरकिर होते
- हेडफोन २५० ओहमसारख्या जास्त इम्पिडन्सचा (विजेला जास्त अडवणारा) आहे आणि आवाज दबका येतो

पण तेव्हाही बाहेरचा छोटा यूएसबी डॅक (यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्डच) बरा. तो कॅबिनेटमधल्या विजेच्या गोंगाटापासून लांब राहतो आणि उद्या लॅपटॉपलाही लावता येतो. त्याआधी पुढच्या पॅनेलचा जॅक सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा लावून बघा. बऱ्याचदा तिथेच काम होऊन जातं, भिया.