‘हुबेहूब’च्या पुढे काय?

प्रश्न : चित्रकलेच्या वर्गात व्यक्तिचित्राचं रसग्रहण लिहायचं आहे. ‘चेहरा हुबेहूब वाटतो’ यापुढे माझी गाडी सरकत नाही. काय पाहू?

उत्तर : आधी ‘हुबेहूब’ खोडा. चित्रातली व्यक्ती प्रत्यक्षात कशी दिसत होती, हे तुम्हाला-मला कुठे ठाऊक आहे? डच चित्रकार व्हर्मीरचं ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ हे चित्र घ्या. साधारण 1665चं, जेमतेम 44 सेंटिमीटर उंचीचं. मी विद्यार्थ्यांना नाकाची कड शोधायला लावतो. सापडत नाही! उजेडातलं नाक पलीकडच्या गालात विरघळलंय. रेषा आपला डोळाच पुरवतो. मोत्याचंही तेच. वर पांढरा ठिपका, खाली कॉलरचं धूसर प्रतिबिंब. अडकवायला कडीसुद्धा नाही. छाया-प्रकाशाबद्दल लिहायचं ते हे.

रंगात फेट्याचा निळा आणि पिवळा यांचा विरोध पाहा. पार्श्वभूमी आज काळी दिसते, पण मुळात तिथे हिरवा पडदा होता, रंग उडाले. त्यामुळे ‘काळोखातून उमटलेला चेहरा’ असलं काही लिहिताना जरा जपून. (मी वर्षानुवर्षं तेच शिकवत होतो.) तोल, लय वगैरे शब्द नंतर, तेही गरज पडली तरच. वळलेली मान आणि मागे सरळ लोंबणारं पिवळं कापड यांवर दोन वाक्यं लिहिलीत, तर त्यात तोल आलाच.