बडोद्यात घरी वेल्डिंग शिकायला कोणतं मशीन घ्यावं? १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालेल का?

सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क मशीन घ्या; २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड ७०-८० अँपिअरवर चालवलात, तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर निभावतं. मकरपुऱ्यात फॅब्रिकेशनचंच काम करतो, त्यावरून सांगतोय. पूर्ण २०० वर ठेवलंत तर एमसीबी पडेल, आणि दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांसारखं वायरिंग असेल तर वायर तापेल. म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि अर्थिंग तपासून घ्या. मिगच्या (रॉडऐवजी तार आणि गॅसवर चालणाऱ्या वेल्डिंगच्या) मोहात सध्या पडू नका. त्यात गॅसचा बाटला सांभाळा, शिवाय पंख्याच्या वाऱ्यानेही गॅस उडतो. हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची, चामड्याचे हातमोजे, अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट (टेरिकॉट नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं). सराव ३ मिमीच्या पट्टीवर करा. अर्थ क्लँप (मशीनच्या दुसऱ्या वायरीचा, कामाच्या लोखंडाला लावायचा चिमटा) गंजावर किंवा रंगावर लावू नका, तेवढी जागा घासून लखलखीत करा. निम्म्या वेळा रॉड चिकटतो तो यामुळेच. पावसाळ्यात रॉडचं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. गेटसाठी जीआय पाइप आणणार असाल तर मात्र आधी जस्ताचा थर ग्राइंडरने काढा आणि काम गच्चीवरच करा. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो.