चिठ्ठीत आमचा नंबर लागला नाही तर?

प्रश्न : डॉक्टरताई, माझे मिस्टर सातपूर एमआयडीसीत पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहेत. तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या प्रेसमध्ये एका हेल्परची बोटं गेली. यांनीच त्याला उचलून रिक्षात घातलं. तेव्हापासून डबा तसाच परत यायचा, रात्री झोप नाही, मी मिक्सर लावला तरी दचकतात. आता पंधरा दिवस कामावरच गेले नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांनी 'समायोजन विकार' सांगितला आणि एका संशोधनात भाग घ्याल का, असं विचारलं. त्यात चिठ्ठी निघते म्हणे. काहींना लगेच समुपदेशन, काहींना दोन महिने थांबावं लागतं. नणंद म्हणते, माणसांवर प्रयोग करतात, सही करू नका. सासूबाई म्हणतात, त्र्यंबकला शांत करा. मिस्टरांना फक्त झोपेची गोळी हवी आहे. माझं माहेर पिंपळगावचं, शिक्षण बारावी. काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ताई, नणंदेची शंका रास्त आहे. आपल्याकडे लोकांना नीट न सांगता चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, त्यामुळेच पुढे नियम कडक झाले. म्हणून तुमच्या मिस्टरांनी सही करावी की नाही हे मी इथून सांगणार नाही. पण काय बघून ठरवायचं, ते सांगते.

दोन महिने थांबणारा गट कशाला, हा तुमचा खरा प्रश्न. समायोजन विकारात, म्हणजे एखाद्या मोठ्या ताणाशी मनाला जुळवून घेता न आल्याने होणाऱ्या त्रासात, मूळ ताण सरला की बऱ्याच जणांचं मन सहा महिन्यांच्या आत आपोआप सावरतं. मग समुपदेशन घेतलेला माणूस बरा झाला, तर तो समुपदेशनाने की गेलेल्या दिवसांनी? तुमच्या माहेरी बागेवर नवीन औषध मारून बघताना दोन ओळी न फवारता सोडतात ना, तेच हे. आणि चिठ्ठी अशासाठी, की डॉक्टरांनी आपल्या मर्जीने हलके पेशंट एकीकडे आणि अवघड दुसरीकडे टाकू नयेत.

नुसत्या चांगल्या हेतूवर भागत नाही, हे या क्षेत्राने फार महागात शिकून घेतलं आहे. एके काळी कुठे अपघात झाला की लगेच माणसांना बसवून घडलेलं सगळं एकाच बैठकीत बोलायला लावायचे. बोललं की मोकळं होतं, असं कोणालाही वाटेल. 1997 मध्ये वेल्समधल्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांवर हे तपासलं. तेरा महिन्यांनी बघितलं तेव्हा अशी बैठक झालेल्यांपैकी 26 टक्क्यांना आघातोत्तर तणाव विकार (भयंकर प्रसंगानंतर मनात ठाण मांडून बसणारा त्रास, पीटीएसडी) होता, न झालेल्यांपैकी 9 टक्क्यांना. बैठक झालेल्यांचं भाजणं मुळात थोडं जास्त होतं, त्यामुळे या एकाच आकड्यावर निकाल देता येत नाही. पण पुढे असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही या पद्धतीचा फायदा दिसला नाही. तुलनेचा गट नसता तर आम्ही ते आजही मनापासून करत राहिलो असतो. म्हणून सासरी-माहेरी कोणी यांना 'सांग बघू, नक्की काय झालं, रक्त किती होतं' असं विचारून बोलतं करत असेल, तर थांबवा. ते स्वतःहून बोलले तर ऐका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मिक्सरच्या आवाजाला दचकणं आणि प्रेसकडे पायच न वळणं हे वाचून मी थबकले. समायोजन विकारात माणूस त्याच चिंतेत अडकतो, कामात लक्ष लागत नाही, झोप उडते. पण तो अपघात आत्ता समोर घडतोय असं दिसत असेल, त्याचीच स्वप्नं पडत असतील, त्या रस्त्याने जाणंही टाळत असतील आणि सतत सावध असतील, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. दुसऱ्याला झालेली इजा डोळ्यांदेखत पाहूनही तो होतो. पत्रावरून निदान मी करणार नाही, पण पुढच्या तपासणीला तुम्ही स्वतः सोबत जा आणि मिक्सरचं डॉक्टरांना सांगा. पुरुष हे सांगत नाहीत. या विकारावर आघातकेंद्री सीबीटी (त्या प्रसंगाबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवून घेत त्या आठवणीवर काम करणारी पद्धत) हे उपचार जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत सुचवले आहेत. निदान तसं निघालं, तर दोन महिने थांबायला माझी तरी तयारी नसती. आधी उपचार, संशोधनाचं नंतर.

गोळीचं म्हणाल तर, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप लागते, पण आघात भरून येत नाही आणि सवय लागते. शिवाय रात्रीची गुंगी सकाळच्या पाळीला प्रेसवर घेऊन जायची नाही, हे ऑपरेटरच्या बायकोला मी काय सांगावं! मात्र अशी गोळी आधीपासून चालू असेल, तर एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील.

कामाबद्दल एक उपयोगी माहिती. समायोजन विकारामुळे रजेवर असलेल्यांवर झालेले अभ्यास 2012 मध्ये एकत्र तपासले गेले. एकेक अडचण घेऊन ती सोडवायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने लोक अर्धवेळ कामावर सरासरी 17 दिवस लवकर परतले. पूर्णवेळ परतण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणून डॉक्टरांचं पत्र घेऊन सुपरवायझरला भेटा. काही दिवस स्टोअर किंवा पॅकिंगला घ्या म्हणावं, प्रेस नंतर.

आणि ते संमतीपत्र. घरी आणा, रात्री सावकाश वाचा. मराठीत हवं. त्यावर नैतिकता समितीच्या (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या समितीच्या) मंजुरीचा उल्लेख आणि तिचा संपर्क हवा. 'कधीही बाहेर पडता येईल, नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही' हे वाक्य शोधा. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक विचारा. ही सरकारी नोंदवही 2007 पासून इंटरनेटवर सर्वांना खुली आहे, तुमच्या मुलांना फोनवर बघता येईल. आणि तोंडी विचारा : थांबण्याच्या काळात त्रास वाढला तर कोण बघणार, कुठल्या नंबरवर? याचं नेमकं उत्तर मिळालं नाही तर सही करू नका. नको म्हणालात म्हणून उपचार नाकारले जात असतील, तर ते नियमाविरुद्ध आहे.

त्र्यंबकला जरूर जा. सासूबाईंना बरं वाटेल, यांनाही घराबाहेर पडणं होईल. तपासणीची तारीख तेवढी चुकवू नका.

'मी नसतो तर बरं' असं काही ते बोलले, तर तपासणीची वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-बेरात्री सरकारच्या टेली-मानसवर 14416 हा नंबर लावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.