पॅलिएटिव्ह, ‘अंत्यसेवा’ आणि सुश्रुताचा टेकू

प्रश्न असा आहे: ‘वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पसरलेला. केमो चालू आहे, स्वतः चालत ओपीडीत जातात. तरी डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या विभागात दाखवून या म्हणून सांगितलं. घरात सगळे धास्तावलेत. याला मराठीत अंत्यसेवा म्हणतात ते बरोबर का?’

साफ चूक. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना, धाप, मनाची घालमेल असा त्रास हलका करणारी काळजी. ही चूक ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘पॅलिएटिव्हला टाकलं’, ‘डॉक्टरांनी हात टेकले, आता फक्त पॅलिएटिव्ह’ ही वाक्यं तर सुशिक्षित घरांतही सर्रास ऐकू येतात. अंत्यविधी, अंत्ययात्रा, अंत्यदर्शन या रांगेतलं पद, रिक्षातून उतरून स्वतःचा केसपेपर स्वतः काढणाऱ्या माणसाच्या उपचाराला लावायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 सालच्या व्याख्येतच म्हटलं आहे की ही काळजी आजाराच्या सुरुवातीपासून, केमो-रेडिएशनच्या जोडीने घ्यायची असते.

लॅटिन ‘पॅलियम’ म्हणजे अंगावरचा झगा, त्यावरून पॅलिएटिव्ह, हे सगळीकडे वाचायला मिळतं. ‘मायेची शाल’ वगैरे अर्थ त्याला नंतर चिकटवले गेले. इंग्रजीत ‘पॅलिएट’ हे क्रियापद कितीतरी काळ दोषावर पांघरूण घालणं याच अर्थाने वापरात होतं, ते मात्र कोणी सांगत नाही. कॅनडातले डॉक्टर बाल्फर माउंट यांनी 1970च्या दशकात माँट्रियलमध्ये हा शब्द निवडला, कारण तिथल्या फ्रेंच भाषकांना ‘हॉस्पिस’ (इंग्रजीत मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण) म्हटलं की निराधारांचं आश्रयस्थान आठवायचं. म्हणजे हा शब्द आणलाच होता भीती टाळण्यासाठी!

मराठीत समित्यांनी दिलेला ‘उपशामक’ मला अजिबात पटत नाही. पित्तशामक, वेदनाशामक, अग्निशामक ऐकलेल्या कानाला ‘शामक’ म्हणजे गोळी नाहीतर बंब. शिवाय शमणं म्हणजे विझणं, मिटणं. ‘उप’ लावून ती अडचण सुटत नाही. परिभाषा करणाऱ्यांनी शब्दाचा धातू पाहिला, कान पाहिला नाही.

आपल्याकडे याहून नेमका शब्द पडून आहे: याप्य. आयुर्वेदात रोग साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टाने बरा होणारा), याप्य आणि असाध्य असे सांगितले आहेत. याप्य रोग मुळातून जात नाही, पण उपचार त्या माणसाला धरून ठेवतात. धातू ‘या’, म्हणजे जाणं. त्याचं प्रयोजक रूप करताना आकारान्त धातूला ‘प्’ येऊन चिकटतो. स्थापासून स्थापना, ज्ञापासून ज्ञापन, तसं ‘या’पासून यापन. म्हणजे काळ जायला लावणं, दिवस पुढे नेणं. कालयापन शब्दात तो अजून शिल्लक आहे.

आणि सुश्रुताने आपल्या संहितेच्या सूत्रस्थान या भागात याप्य रुग्णावरच्या उपचाराला दिलेली उपमा बघा: ‘प्रपतिष्यदिवागारं विष्कम्भः साधुयोजितः’. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू. (विष्कंभ म्हणजे टेकू.) यातलं ‘प्रपतिष्यत्’ हे रूप मला फार मोलाचं वाटतं. ते भविष्यकालवाचक आहे. घर पडलेलं नाही, पडतही नाही, पडणार आहे. टेकू तेव्हाच लावायचा. ‘साधुयोजितः’ म्हणजे योग्य जागी. कोणाला, कधी, कुठे, हे सगळं या दोन पदांत आलं.

आजचे ओपीडीतले डॉक्टर नेमकं हेच ठरवायला धडपडत असतात. 2016 साली निरनिराळ्या देशांतल्या 60 तज्ज्ञांनी कॅन्सरच्या बाह्यरुग्णांना पॅलिएटिव्ह विभागात कधी पाठवायचं याच्या निकषांवर एकमत केलं. वेदना, धाप यांसारखा तीव्र शारीरिक त्रास, मनाची तीव्र घालमेल, पुढचे निर्णय घ्यायला मदत लागणं, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब, मेंदूत पसरलेला आजार, दुसऱ्या फळीची औषधं देऊनही वाढत राहिलेला आजार, आणि रुग्णाने स्वतः केलेली मागणीसुद्धा! काही प्रकारांत तर बळावलेल्या कॅन्सरचं निदान झाल्यापासून तीन महिन्यांच्या आतच पाठवावं असं त्यात आहे. त्रास ओळखायला एडमंटनचा (कॅनडातलं शहर) तक्ता वापरतात. वेदना, थकवा, मळमळ, भूक, धाप, उदासी, चिंता अशा नऊ गोष्टींना रुग्णाने शून्य ते दहा गुण द्यायचे. म्हणून वडिलांना कोणी तसा कागद दिला तर तो त्यांनाच भरू द्या. ‘त्यांना काही त्रास नाही हो’ असं मुलांनी परस्पर सांगू नये.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरने तर विभागाचं नावच बदलून ‘सपोर्टिव्ह केअर’ केलं आणि रुग्ण तिकडे लवकर पाठवले जाऊ लागले. सपोर्ट म्हणजे काय? विष्कंभच की! जो अर्थ त्यांना इतक्या उशिरा सापडला, तो आपण संहितेत बांधून ठेवला आहे.

एक आक्षेप येणार, तोही घेतो. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘याप्य’ हा निकृष्ट, अधम यांच्या पंक्तीत बसवला आहे. खरं आहे. शिवाय वैद्यकात याप्य हे रोगाचं विशेषण आहे, काळजीचं नाव नव्हे. म्हणून मी ‘यापन’ सुचवतो: यापन-सेवा, यापन-विभाग. त्यात ना अंत्य आहे ना अधम. पहिल्यांदा कानाला खटकेल, पण ‘संगणक’ही खटकलाच होता.

वडिलांबद्दल: जरूर न्या, केमो चालू असतानाच न्या. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातला 2010चा अभ्यास पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचाच होता, रुग्ण 151. निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह विभागात जाऊ लागलेल्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं, उदासी कमी राहिली, शेवटी त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले. तरीही त्यांचा मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 11.6 महिने निघाला, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा 8.9. घरच्यांना हे आकडे सांगा, आणि अंत्यसेवा हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नका.